आधी टायर, मग सुटे भाग: ट्रॅकसाठी गाडीचा सेटअप कसा करावा

ठाणे-नवी मुंबईत रेस ट्रॅक नाही. गाडी मनासारखी पळवायची तर कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे गाठा, नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. दोन्हीकडे बाराशे-तेराशे किलोमीटर. (पाम बीच रोड रात्री कितीही मोकळा दिसला तरी त्याचा विचार सोडा. जिवाचा धोका आहेच, शिवाय टायर नीट तापायच्या आत सिग्नल येतो, म्हणजे सेटअपबद्दल कळतही काही नाही.) एवढं अंतर कापून गेल्यावर वीस मिनिटांच्या सत्रातली दहा मिनिटं हवा कमी-जास्त करण्यात जाऊ नयेत, म्हणून निम्मं काम इथेच उरकायचं.

खालचे आकडे स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी अशा हॅचबॅकसाठी आहेत: इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअब आणि स्प्रिंगचा एकत्र खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा).

एक हिशोब आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. टायरवरचा भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नाही. भार दुप्पट झाला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. आता वळण घ्या. गाडी १००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी वर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४५ सेंमी. १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या जोरानं वळलात तर सुमारे ३८० किलो भार आतून बाहेर सरकतो. आतल्या दोन चाकांवर मिळून जेमतेम १२० किलो उरतात. आतल्या चाकांनी जेवढी पकड गमावली तेवढी बाहेरच्यांना मिळत नाही. हा निव्वळ तोटा. जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांचं सस्पेन्शन जोडून गाडीचं झुकणं रोखणारा दांडा) टाकला म्हणून ३८० चे ३०० होत नाहीत. त्यातला किती वाटा पुढच्या जोडीनं उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच बारच्या हातात. दुकानात ‘ग्रिप वाढते साहेब’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं प्रत्यक्षात पकड इकडून तिकडे हलवतं.

पायरी १: ढिलाई शोधा

घोडबंदर रोडचे खड्डे वर्षभर खाल्लेल्या गाडीचं अलाइनमेंट (चाकांचे कोन) मशीनवर हिरवं, म्हणजे बरोबर, दिसतं आणि ब्रेक दाबताच बिघडतं. कारण चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे) चिरलेले असतात; ब्रेकच्या जोरानं चाक मागे सरकतं आणि टो (वरून बघितलं तर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळली आहेत) बदलतो. गाडी जॅक स्टँडवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा: खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे धरून हलवा: टाय रॉड एन्ड. बुशच्या फटीत सळई घालून रेटून बघा. मग चाक फिरवत रिमच्या कडेजवळ एखादा स्थिर टोकदार खिळा धरा, बाक लगेच दिसेल. यातलं काहीही सापडलं तर ते बदलेपर्यंत पुढची पायरी नको. ढिल्या गाडीवर घेतलेलं माप पुन्हा कधी जुळत नाही.

पायरी २: टायर

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, शक्यतो जवळच्याच आठवड्यांत बनलेले. साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ट्रेडवेअरचा (टायर किती झिजतो याचा) आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, पण ही तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करा. हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते.

रिमची रुंदी हा नेहमी दुर्लक्षिला जाणारा भाग. १९५/५५ आर १५ टायर साडेपाच ते सात इंच रुंद रिमवर चालतो. साडेपाचवर तो फुगल्यासारखा बसतो, वळणात साइडवॉल लोळते आणि स्टिअरिंग उशिरा ऐकतं. त्याच रिमवर ‘अजून रुंद’ म्हणून २०५ चढवला तर ते आणखी वाढतं. रिम अर्धा-एक इंच रुंद घेणं बहुतेक वेळा जास्त फायद्याचं. १७ इंची मॅग व्हील दिसायला झकास, पण वजन तपासून घ्या. जड चाक उसळलं की शॉकअबला ते जमिनीवर टेकवून ठेवता येत नाही.

आणखी एक, ऐकायला उलट वाटणारी गोष्ट: रस्त्याचा कोरा टायर कोरड्या ट्रॅकवर वाईट. आठ मिलीमीटर उंच नक्षीचे ठोकळे वळणात वाकतात, आतून तापतात आणि तुकडे सुटतात. चार-पाच मिलीमीटर उरलेला टायर जास्त लॅप टिकतो. पावसात मात्र बरोबर उलट.

पायरी ३: घरी माप घ्या

यासाठी गवंड्याचं सामान पुरतं: ओळंबा, दोरी, पाण्याची पारदर्शक नळी. सोसायटीच्या पार्किंगची फरशी क्वचितच सपाट असते. नळीनं चारही चाकांखालची पातळी बघा आणि ज्या चाकाखाली कमी असेल तिथे फरशीचे तुकडे ठेवून दोन मिलीमीटरच्या आत आणा. टाकीत अर्धं पेट्रोल. ड्रायव्हरच्या सीटवर ड्रायव्हरएवढं वजन हवंच. एपीएमसीतले तांदळाचे २५ किलोचे तीन कट्टे या कामाला उत्तम. रिकाम्या गाडीवर लावलेला कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) तुम्ही आत बसलात की बदलतो.

कॅम्बर: फेंडरवरून ओळंबा सोडा, दोरी टायरच्या फुगवट्याला टेकू देऊ नका. दोरीपासून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतची अंतरं मोजा. दोन्ही कडांमध्ये ४०० मिमी असतील तर दर ७ मिमी फरकाला १ अंश. वरची कड दोरीपासून जास्त लांब असेल, म्हणजे चाक वरून आत झुकलेलं असेल, तर कॅम्बर निगेटिव्ह.

टो: गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणा. रिमची पुढची कड दोरीच्या जास्त जवळ आली तर टो-आउट, मागची आली तर टो-इन. प्रत्येक बदलानंतर गाडी दोन-तीन मीटर मागे-पुढे ढकला. जॅकवरून उतरलेलं सस्पेन्शन लगेच जागेवर बसत नाही.

अलाइनमेंटवाल्याकडे गेलात तरी ही मापं सोबत न्या, आणि ‘कंपनी सेटिंग’ नको, आपले आकडे हवेत, हे काम सुरू होण्याआधी सांगा.

पायरी ४: कॅम्बर आणि टो

मॅकफर्सन स्ट्रटची खोड अशी की गाडी झुकली की बाहेरच्या चाकाचा निगेटिव्ह कॅम्बर कमी होतो आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. म्हणून आधीच निगेटिव्ह देऊन ठेवायचा. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला पुढे १ ते १.५ अंश, ट्रॅकसाठी २ ते ३. कॅम्बर बोल्टनं दीड अंशाच्या आसपास मिळतो, त्याहून जास्त हवा असेल तर वरची कॅम्बर प्लेट लागते. बोल्ट वापरलात तर दर सत्रानंतर तो फिरलाय का बघा. रंगाची एक रेघ ओढून ठेवली की नजरेनंच कळतं.

कॅम्बर बदलला की टो बदलतो. त्यामुळे आधी कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी. पुढे एकूण १ ते २ मिमी टो-आउट दिला की गाडी वळणात पटकन शिरते. मागे शून्य किंवा किंचित टो-इन; टॉर्शन बीमला हे स्टब अॅक्सलमागच्या शिमनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, करावं लागतं. मागे टो-आउट झालेली गाडी ब्रेकवर शेपूट फिरवते, नवख्याला ती सावरत नाही.

जास्त कॅम्बर म्हणजे जास्त चांगला असं नाही. फॉर्म्युला वनच्या २०११ च्या बेल्जियन ग्रां प्रीला, स्पा इथे, रेड बुल संघानं टायर कंपनी पिरेलीनं सुचवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कॅम्बर ठेवला आणि पात्रता फेरीतच पुढच्या टायरना फोड आले. सेबास्टियन वेटल शर्यत जिंकला खरा, पण पहिला पिट स्टॉप फार लवकर करून. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत एकामागून एक टायर फुटले; पिरेलीनं दिलेल्या कारणांत कमी दाब, टोकाचा कॅम्बर, डावे-उजवे मागचे टायर अदलाबदल करून लावणं आणि ट्रॅकच्या कडेचे उंच कर्ब ही चारही होती. साइडवॉलवर बाण किंवा ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं असतं, ते वाचायचं असतं.

पायरी ५: हवा

लक्ष्य गरम दाबाचं (ट्रॅकवरून आल्या आल्या मोजलेल्या) ठेवा, थंड दाबाचं नाही. या गाड्यांना पुढे ३२ ते ३४ पीएसआय गरम, इथून सुरुवात करा. टायर कंपनीनं किमान दाब दिला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. ३० अंश सेल्सिअसला २८ पीएसआय भरलेला टायर आतली हवा ७५ अंशांवर गेली की ३४ दाखवतो. मागचे टायर कमी तापतात, त्यामुळे त्यांची वाढही कमी.

पावसाळ्यात आपल्याकडच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं. ते टायरमध्ये गेलं तर तापल्यावर त्याची वाफ दाबात भर घालते आणि एक टायर बाकीच्यांपेक्षा जास्त चढतो. नायट्रोजनचा खरा फायदा तो कोरडा असतो हा. तो भरल्यानं दाब वाढत नाही, ही समजूत चुकीची. हवा भरायची तर आधी टाकीचा तळाचा कॉक उघडायला सांगा.

गेज एकच, तुमचं स्वतःचं. पेट्रोल पंपावरचं आणि तुमचं जुळणार नाही, आणि तसा आग्रहही नको. कोइंबतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. ठाण्यात २८ भरलेला टायर तिथे त्याच तापमानाला पाऊण पीएसआय जास्त दाखवेल. पिटमध्ये उन्हाच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा जास्त दाखवतात, तेव्हा थंड दाब चारही चाकं सावलीत असताना घ्या.

पायरी ६: टायर वाचा

इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभाग बघते, आणि तो पिटमध्ये येईपर्यंत निवलेला असतो. सुईचा पायरोमीटर (रबरात खुपसायचा तापमापक) घ्या. चार-पाच जोरदार लॅप, मग हळू लॅप न मारता थेट आत. सुई दोन-तीन मिमी रबरात, प्रत्येक टायरवर तीन जागी: आत, मध्ये, बाहेर. सर्वांत जास्त राबलेल्या चाकापासून सुरुवात. उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर ते डावं पुढचं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं वहीत लिहायचं, दोन मिनिटांत उरकायचं.

आतली कड बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंशांनी गरम असावी. फरक १०-१२ च्या पुढे गेला तर कॅम्बर जास्त झाला, सरळ रेषेत ब्रेकची पकड वाया जातेय. बाहेरची कड जास्त गरम असेल तर कॅम्बर कमी, नाहीतर तुम्हीच स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवताय. मध्य दोन्ही कडांच्या सरासरीहून गरम: दाब जास्त. मध्य थंड: दाब कमी. एकावेळी एक-दोन पीएसआयच हलवा.

पायरोमीटर नसेल तर खडू. खांद्यापासून साइडवॉलवर उतरती जाड रेघ तीन जागी ओढा आणि ती कुठपर्यंत पुसली गेली ते बघा. साइडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणापर्यंत ठीक. त्याच्याही खाली पुसली तर टायर लोळतोय.

रबराचा चेहराही बोलतो. पृष्ठभागावर बारीक शेवया वळल्यासारख्या दिसल्या तर टायर नीट तापण्याआधीच घसरत होता. खोल फोड किंवा खड्डे म्हणजे आतून जास्त तापला. एकाच जागी सपाट चकती म्हणजे ब्रेक लॉक केलात.

पायरी ७: आता अपग्रेड

इथे खिशाला हात घालायचा, आणि एका वेळी एकच भाग. सकाळी तीसच्या घरात असलेलं डांबर दुपारी पन्नासच्या वर जातं. त्यामुळे नवा भाग लावून वेळ सुधारली की ऊन बदललं हे कळायला पुन्हा जुन्या सेटिंगवर जाऊन बघावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

पहिला खर्च शॉकअब आणि जुळणाऱ्या स्प्रिंगांवर. गाडी २५-३० मिमी खाली ठीक. त्याहून खाली नेली तर लोअर आर्म चाकाकडे वर चढता होतो, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगानं खाली जातं आणि दिसायला बसकी झालेली गाडी वळणात उलट जास्त झुकते. टाय रॉडचा कोन बिघडल्यामुळे खड्ड्यावर चाक आपोआप वळतं ते वेगळंच.

दुसरा मागचा अँटी-रोल बार. या गाड्या मुळात पुढून घसरतात. स्टिअरिंग फिरवूनही सरळ जातात. मागचा बार कडक केला की मागच्या जोडीवर तोट्याचा जास्त वाटा येतो, पुढच्या बाहेरच्या टायरला उसंत मिळते आणि त्याचं तापमान उतरलेलं वहीत दिसतं. पावसात हाच बार सैल करा.

ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ऑइल हवंच, पण चाक आधीच लॉक होत असेल तर पॅडनं थांबण्याचं अंतर घटत नाही. ब्रेक जास्त तापले की ती उष्णता रिममधून आतल्या हवेत जाते, तेव्हा पॅड बदलल्यावर दाब पुन्हा लावा. मागची सीट, स्टेपनी काढून ४० किलो कमी केलेत तरी तेच: कॅम्बर, उंची, दाब पुन्हा तपासा. घट्ट वळणातून निघताना आतलं पुढचं चाक भिरभिरत असेल तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (सगळी ताकद एकाच भिरभिरत्या चाकाकडे जाऊ न देणारी गिअरची जोडणी) कामाचा. रीमॅप (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलणं), टर्बो वगैरे सगळ्यात शेवटी. जास्त ताकद दिली की पुढचे टायर, जे आधीच वळवतात, थांबवतात आणि ओढतात, ते आणखी दोन लॅप आधी मान टाकतात.

परत निघण्याआधी

ट्रॅकवर ३३ पर्यंत उतरवलेला टायर रात्रभर निवला की सकाळी वीस अंशांत साधारण २५ दाखवतो. त्याच दाबावर सामान आणि चार माणसं भरून हायवेला शंभरनं निघालात तर साइडवॉल तासाभरात तापते. तेव्हा निघण्यापूर्वी, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा दाब भरा. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा आणि पन्नास किलोमीटरवर पुन्हा तपासा. ठाण्यात पोचल्यावर टो शून्यावर आणा, नाहीतर २ मिमी टो-आउटवर रोजचं येणं-जाणं पुढच्या टायरच्या आतल्या कडा काही महिन्यांत खाऊन टाकेल, आणि त्या कडा बाहेरून दिसत नाहीत.