संग्रहालयात स्वयंसेवा करताय? नोंदणी आणि जतनातल्या या चुका टाळा

संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून पाऊल टाकलं की पहिल्याच दिवशी हात शिवशिवतात. समोर धुळीनं माखलेली वस्तू असते, फडकं हाताशी असतं आणि वाटतं, निदान एवढी पुसून तरी ठेवू. ते फडकं बाजूला ठेवा. आधी नोंद, मग हात.

माझी सुरुवातीची एक चूक मला अजून सलते. जुन्या छायाचित्रांची एक पेटी होती. पाकिटं पिवळी पडलेली, कडा झडत होत्या. मी फोटो नव्या आम्लरहित पाकिटांत घातले आणि जुनी पाकिटं टाकून दिली. त्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहिलेली असणार, हे दुसऱ्या पेटीतलं पाकीट उघडलं तेव्हा लक्षात आलं. ते फोटो आजही छान आहेत. त्यांतली माणसं कोण, हे मात्र आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणून वेष्टन, दोरा, चिठ्ठी, टाचणीनं लावलेला कागदाचा कपटा, काहीही टाकायचं नाही. जसं सापडलं तसा आधी फोटो घ्या. गंजलेली टाचणी काढणं गरजेचं असेल तर काढा, पण कपटा कोणत्या वस्तूला लागला होता ते लिहूनच.

क्रमांकाचे घोळ

वस्तू आणि तिची नोंद यांना बांधणारा धागा म्हणजे क्रमांक. बऱ्याच ठिकाणी तो 2019.4.12 असा असतो: 2019 साली आलेल्या चौथ्या देणगीतली बारावी वस्तू. ऑगस्ट 2023 मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे 2000 वस्तू गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या असल्याचं उघड झालं, तेव्हा त्यांतल्या अनेकांची स्वतंत्र नोंद कधी झालीच नव्हती असंही समोर आलं. ज्याची नोंद नाही, ते गेलं हे कळणार तरी कसं? त्यानंतर तिथे संपूर्ण संग्रहाच्या डिजिटल नोंदींचा 5 वर्षांचा कार्यक्रम जाहीर झाला.

क्रमांकाची पट्टी गळून पडलेली वस्तू सापडली तर अंदाजानं जुना क्रमांक लिहू नका. तात्पुरता क्रमांक द्या, ती कोणत्या फळीवर, कशाच्या शेजारी होती ते लिहा आणि मापं, खुणा नोंदवहीशी ताडून पाहा. सुटलेली पट्टीसुद्धा पिशवीत घालून जपा. एकच क्रमांक दोन वस्तूंना गेला असेल तर खाडाखोड करू नका; एकीला नवा क्रमांक द्या आणि दोन्ही नोंदींत तसं लिहा. रद्द झालेला क्रमांक पुन्हा कुणालाही द्यायचा नाही.

क्रमांक लिहायचा कशानं? कागदावर मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, हलक्या हातानं. कापडाला सुती फितीवर लिहून दोन सैल टाक्यांनी. धातू किंवा चकाकी असलेल्या मातीच्या भांड्यावर पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा थर. ही राळ सहसा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात आणि अ‍ॅसिटोन अनेक प्रकारचं प्लास्टिक खातं. त्यामुळे प्लास्टिक, रंगवलेला किंवा रोगण लावलेला पृष्ठभाग यांना ही पद्धत वापरू नका. बॉलपेन आणि चिकटपट्टी तर कुठेच नको. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि नंतर निघता निघत नाही.

‘सुंदर, प्राचीन, दुर्मीळ’

वर्णनातले हे शब्द निरुपयोगी आहेत. चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून 1997 साली पुढे आलेल्या ऑब्जेक्ट आयडी या मानकातले प्रश्न साधे आहेत: वस्तू कोणती, कशाची बनलेली, मापं काय, लिहिलेलं काय आहे, हिला दुसरीपासून वेगळं करणारी खूण कोणती? म्हणजे ‘नक्षीदार मूर्ती’ नाही, तर ‘डाव्या कानाला 2 सेंमी चीर, तळाला जुनी डागडुजी’. दिसलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवा. ‘तपकिरी डाग’ हे तुम्ही पाहिलं. तो शाईचा असावा हा तुमचा तर्क. ‘देणाऱ्यांच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द पुढच्या संशोधकाला चुकीच्या वाटेवर जाण्यापासून वाचवतात.

हाताळणी आणि साफसफाई

पांढरे सुती हातमोजे सगळीकडे घालावेत, हा समज लवकर सुटत नाही. काचेवरून आणि चिनी मातीवरून ते सरकतात, जुन्या कागदाची ठिसूळ कड त्यांत अडकते. कागद आणि पोथ्यांना धुतलेले, कोरडे हातच बरे. धातू आणि छायाचित्रांना नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे, कारण घामातल्या क्षारांनी उमटलेला ठसा पुढे धातूत कोरला जातो.

चांदी लख्ख करण्याचा मोह आवरा. चकाकीच्या दर घासण्यात थोडी चांदीही जाते आणि बारीक कोरीव काम बोथट होतं. पेंढा भरलेले जुने प्राणी-पक्षी तर झटकूच नका. त्यांच्यावर आर्सेनिक लावलेलं असू शकतं.

फळीवर भुश्शासारखी ताजी पूड, म्हणजे किडीची खूण, दिसली तर कीटकनाशक फवारू नका. वस्तू पिशवीत बंद करून वेगळी ठेवा, पूड सापडली त्या जागेचा फोटो घ्या आणि संवर्धकाला, म्हणजे वस्तूंचं जतन आणि दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला, कळवा.

पाणी शिरलं तर

4 नोव्हेंबर 1966 ला आर्नो नदीच्या पुरानं इटलीतल्या फ्लॉरेन्समधली ग्रंथालयं चिखलात बुडाली. ठिकठिकाणाहून आलेल्या तरुणांनी साखळी करून पुस्तकं हातोहात बाहेर काढली. लोक त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. त्यांची आठवण आली की अजूनही भरून येतं. पण धावून जाताना हे ध्यानात असू द्या: भिजलेलं पुस्तक उघडू नका, चिकटलेली पानं ओढू नका, उन्हात ठेवू नका. साधारण 48 तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात सगळं वाळवणं जमणार नसेल तर भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवतात, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवायच्या नाहीत. अशा वेळेसाठी संवर्धकाचा फोन नंबर भिंतीवर आधीच लावलेला असावा.

फोटोच्या फाइलला वस्तूचाच क्रमांक द्या आणि प्रत दुसऱ्या इमारतीतही ठेवा.

घरी निघण्यापूर्वी पाच मिनिटं राखून ठेवा. कोणत्या फळीपर्यंत आलात, शेवटचा क्रमांक कोणता, टेबलावर काय उघडं राहिलं, हे तारखेसह एका कागदावर लिहून पेटीवर ठेवा. पुढच्या वेळी तुमच्याऐवजी दुसरंच कुणी तिथे बसलेलं असेल.