अरिथाचा पहिला अल्बम ऐकायचा असेल तर

पहिली सूचना अशी की अल्बम लगेच लावू नका.

अमेरिकन गायिका अरिथा फ्रँकलिनचा पहिला स्टुडिओ अल्बम, 'अरिथा: विथ द रे ब्रायंट कॉम्बो', कोलंबिया कंपनीने फेब्रुवारी १९६१ मध्ये काढला, तेव्हा ती १८ वर्षांची होती. सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या चर्चगाण्यातून निघालेलं संगीत, ऐकायला लागलेले बहुतेक जण तिच्या १९६७ च्या गाण्यांपासून सुरुवात करतात. हा अल्बम त्यांच्या वाटेत आलाच तर दोन गाणी ऐकून पुढे जातात. जॅझची साथ, नाटकातली गाणी, कंपनीला या मुलीचं काय करायचं तेच कळलेलं नव्हतं, असं म्हणतात. मीही कितीतरी वर्षं तसंच मानत होते. आता मानत नाही. या अल्बममध्ये चर्च आहे, पण ते ओळखायला कान आधी तयार करावा लागतो. मी भाचीला जसा ऐकवला त्याच क्रमाने सांगते.

सुरुवात १९५६ पासून करा. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये १४ वर्षांची अरिथा पियानोवर बसून गाते आहे आणि समोर मंडळी बसली आहे. 'नेव्हर ग्रो ओल्ड' आणि 'प्रेशस लॉर्ड' ही दोन गीतं शोधा. 'प्रेशस लॉर्ड' थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये लिहिलं, बाळंतपणात बायको गेली आणि पाठोपाठ बाळही गेलं त्या दुःखात. पहिल्यांदा ऐकताना अरिथाकडे लक्षच देऊ नका. मंडळी कुठे ओरडते, कुठे हुंकार देते आणि त्या आवाजाला उत्तर म्हणून ती पुढची ओळ कशी ताणते, तेवढंच ऐका. दुसऱ्यांदा तिचा आवाज ऐका. एकेका अक्षरावर ती किती सूर फिरून येते ते मोजा. मुरकी आपल्या ओळखीची असते, पण इथे मुरकी सजावटीसाठी येत नाही. शब्द अपुरा पडतो तिथे येते.

मी नगरची. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, अभंग, ओव्या यांवरच आमची भक्ती चालायची. ख्रिस्ती कीर्तनही नगरलाच रुजलं. लहानपणी मी पाहिलेले कीर्तनकार निरूपण करता करता बोलण्यातूनच गाण्यात शिरायचे. नेमकं कुठल्या शब्दाला ते गायला लागले, हे सांगता यायचं नाही. अरिथाचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, प्रवचनात हेच करत. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या अमेरिकेत घरोघरी वाजायच्या. त्यातली एक शेवटची दहा मिनिटं तरी ऐका. आवाज चढतो, घोगरा होतो, वाक्यं आखूड होत जातात आणि श्वास तालात पडायला लागतो. मुलीने गाणं इथून उचललं. पियानोचंही तसंच. तरुण जेम्स क्लीव्हलँड तेव्हा त्याच चर्चमध्ये संगीत सांभाळायचे आणि त्यांच्याकडून ती वाजवायला शिकली. महालिया जॅक्सन आणि क्लॅरा वॉर्ड या चर्चगीतांच्या नामवंत गायिका तर फ्रँकलिनांच्या घरी येत-जात. असं घर असल्यावर वेगळी शिकवणी कशाला लागते?

आता अल्बम. पहिलंच गाणं 'वोन्ट बी लाँग'. रुळांशेजारी उभी राहून एक मुलगी जिवलगाच्या गाडीची वाट बघते आहे, एवढीच गोष्ट. हे गाणं तीनदा ऐका.

पहिल्या खेपेला टाळी द्या. आपला हात सहज समेवर पडतो, पहिल्या मात्रेवर. तो आवरा. एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी दोन आणि चारवर द्या. काळ्या लोकांच्या चर्चमधली टाळी तिथे पडते. सुरुवातीला अवघड जाईल. माझ्या भाचीला दोन दिवस लागले. हात तिथे बसला की गाणं आतून ढकलल्यासारखं पुढे जातं, आणि हे बसून ऐकायचं गाणं नव्हे हे तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसऱ्या खेपेला फक्त पियानो. साथीला जॅझ पियानोवादक रे ब्रायंट यांचा ताफा आहे, अल्बमच्या नावातही तो आहे. काही गाण्यांत पियानो ब्रायंट वाजवतात, काहींत अरिथा स्वतः. या गाण्यातला पियानो तिचा आहे. गळ्याने एक ओळ टाकली की बोटं तिला उत्तर देतात. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावं तसं. चर्चमधली मंडळी स्टुडिओत नव्हती, म्हणून तिने ती पियानोत आणून बसवली, असं मला वाटतं.

तिसऱ्या खेपेला जिवलगाच्या जागी प्रभू घाला. गॉस्पेलमध्ये, म्हणजे काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांत, आगगाडी म्हणजे तारणाची, घरी नेणारी गाडी. गाण्याचं वजन लगेच बदलतं. आपल्याला ही अदलाबदल नवी नाही. विराणीत ज्ञानेश्वर विरहिणीच्या तोंडून देवालाच हाक मारतात. तिकडे वाट उलटी होती. देवाचं गाणं घेऊन त्यात माणूस बसवायचा. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीतावरून 'आय गॉट अ वुमन' केलं. सोल स्टिरर्स या नावाजलेल्या गॉस्पेल मेळ्यात गाणारे सॅम कुक १९५७ मध्ये पॉपकडे वळले. पुष्कळ भाविकांना हे पाप वाटलं. रेव्हरंड फ्रँकलिन मात्र मुलीच्या पाठीशी उभे राहिले. न्यूयॉर्कला निघताना तिला चर्चकडे पाठ फिरवावी लागली नाही, आणि हे तिच्या आवाजात ऐकू येतं. त्या आवाजात कुठेही अपराधी भाव नाही.

पुढे 'आर यू शुअर'. गाणं ब्रॉडवेच्या नाटकातलं, पण तिच्या तोंडी आलं की उपदेश होतो. त्याच्या जोडीला 'इट एन्ट नेसेसरिली सो' लावा. अमेरिकन संगीतकार गर्शविनच्या १९३५ च्या ऑपेरातलं हे गाणं बायबलमधल्या गोष्टी खऱ्याच असतील असं नाही म्हणतं, आणि इथे ते पाळकाची मुलगी गाते. गाणं कुणी का निवडलेलं असेना, माझं लक्ष शब्दांपेक्षा तिच्या फेकीकडे जातं. शंका घेतानासुद्धा ती प्रवचनाच्याच चालीत घेते.

'ओव्हर द रेनबो' आणि मधली प्रेमगीतं एकदा ऐकली तरी चालतील. तिथे गाणं नेटकं आहे आणि ती त्यात मावते. माझ्या मते अल्बमची खरी उणीव एवढीच. ज्या गाण्यांत ती मावत नाही, ती ठेवा.

शेवटच्या गाण्यावर मात्र थांबा. 'टुडे आय सिंग द ब्लूज'. याच गाण्याच्या नमुना-ध्वनिमुद्रणावरून निर्माते जॉन हॅमंड यांनी तिला कोलंबियात आणलं. जॅझ गायिका बिली हॉलिडेला पुढे आणणारे हॅमंड ते हेच. ऑगस्ट १९६० मध्ये ते कोलंबियासाठी रेकॉर्ड झालं. अरिथाने ते पुन्हा गायलं, १९६९ च्या अल्बमसाठी. दोन्ही पाठोपाठ लावा. नंतरच्यात आवाज भरदार झालाय, दुःख अनुभवाचं आहे, वाद्यवृंद मोठा आहे. तरीही मला आधीचं जास्त लागतं. ओळीच्या शेवटी आवाज किंचित फाटतो, तो बघा. १९५६ च्या 'प्रेशस लॉर्ड'मध्ये तो असाच फाटला होता.

मग १९६७ कडे या. जानेवारीत अलाबामातल्या मसल शोल्समध्ये निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला पियानोवर बसवलं, आणि त्या दिवसाचं गाणं ऐकून सगळे म्हणाले की अरिथा सापडली. तुम्ही 'वोन्ट बी लाँग' तीनदा ऐकलेलं असेल, तर पियानोवरचे ते हात लगेच ओळखाल.

एक रेकॉर्ड अजून उरते, 'अमेझिंग ग्रेस'. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं चर्च, सलग दोन रात्री. गायनवृंदापुढे तेच जेम्स क्लीव्हलँड, श्रोत्यांत क्लॅरा वॉर्ड आणि अरिथाचे वडील. हे त्याच संध्याकाळी लावू नका, कान दमलेला असतो. मी रविवारी सकाळी लावते, चहा होण्याआधी, आवाज थोडा मोठा करून.