असिरियन सुरावटीला परदेशी वाद्यांची साथ कशी द्यावी

उत्तर इराक, तुर्कस्तानचा आग्नेय भाग, इराणमधील उर्मिया आणि ईशान्य सीरिया हा असिरियन लोकांचा मूळ प्रदेश. 1915 चा नरसंहार, 1933 मधील सिमेलेची कत्तल आणि 2014 मध्ये निनवेच्या मैदानातून झालेले पलायन यांमुळे त्यांची गाणी आज स्वीडनमधील सॉदर्तेल्ये, शिकागो आणि सिडनी येथील लग्नमंडपांत अधिक ऐकू येतात. अशा एखाद्या स्थलांतरित गायकाबरोबर काम करण्याची संधी मिळाली, तर ताल किंवा वाद्यमेळ ठरवण्याआधी त्याला कोणत्याही साथीविना गाऊ द्यावे. परक्या वाद्याला कुठे जागा आहे आणि कुठे नाही, हे त्या एकट्या गळ्यातूनच कळते.

गायक काय गातो आहे, हे आधी समजून घ्यावे. लग्नात गायली जाणारी ‘रावे’ ही तीन ओळींची छोटी प्रेमगीते असतात. त्यांच्या प्रत्येक कडव्यानंतर वाद्यांना मोकळी जागा मिळते. चर्चमधील सिरियाक, म्हणजे त्यांच्या जुन्या धर्मभाषेतील, स्तोत्रांची गोष्ट वेगळी आहे. चौथ्या शतकातील संत एफ्रेम यांच्या रचना आजही उपासनेत गायल्या जातात, आणि सिरियाक ऑर्थोडॉक्स परंपरेने ‘बेथ गाझो’ या संग्रहात आपल्या चाली आठ स्वरपद्धतींत जतन केल्या आहेत. केरळच्या सिरियन ख्रिस्ती चर्चमध्येही ही परंपरा जिवंत आहे. अशी चाल घ्यायची असेल, तर समाजातील जाणत्यांना विचारूनच घ्यावी आणि तिच्याखाली ढोल वाजवू नये, असे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण स्वरांची असते. बयाती या मकामात (मकाम म्हणजे अरबी संगीतातील रागासारखी स्वररचना) दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभांच्या मध्ये, षड्जापासून साधारण 150 सेंटवर असतो (100 सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर). पुढे गंधार, धैवत आणि निषाद कोमल लागतात. पियानो किंवा पडद्यांची गिटार तो रिषभ देऊच शकत नाही, आणि जवळचा स्वर म्हणून कोमल किंवा शुद्ध रिषभ वाजवला, तर गायकही नकळत तिकडे ओढला जाऊन चालीचा प्राणच जातो. पांढरी दोन हा षड्ज धरला असेल, तर अरबी संगीतासाठी बनवलेल्या कीबोर्डवर पांढरी तीन 50 सेंटने उतरवावी आणि मग गायकाच्या गळ्याशी जुळवून किंचित वरखाली करावी. साधी गिटारच हाताशी असेल, तर डी मायनर, जी मायनर, एफ मेजर आणि बी फ्लॅट मेजर या कॉर्ड वापराव्यात, कारण त्यांत तो स्वर येत नाही. सी मेजर आणि ए मायनर मात्र टाळाव्यात. याहून चांगला उपाय म्हणजे व्हायोलिन, चेलो किंवा उद हे पडदे नसलेले अरबी तंतुवाद्य घ्यावे, आणि खाली केवळ षड्ज-पंचम धरणारा तंबोरा ठेवावा.

हिजाझ मकामात ही अडचण फारशी येत नाही. त्याचे स्वर आपल्या बसंत मुखारीच्या फार जवळ जातात आणि स्पेनच्या फ्लामेन्को संगीतालाही ते परके वाटत नाहीत. मोसुलच्या असिरियन घराण्यातील उदवादक मुनीर बशीर बुडापेस्टमध्ये राहिले आणि 1997 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र ओमर बशीर यांनी इराकी परंपरेतल्या उदाला फ्लामेन्कोची जोड दिली. पहिला प्रयोग करणाऱ्याने याच वाटेने सुरुवात करावी.

तालाचा विचार शेवटी करावा. हातात हात धरून रांगेने नाचला जाणारा ‘खिग्गा’ झुर्ना आणि दावुल यांवर चालतो. झुर्ना आपल्या सनईसारखेच दुहेरी पात्याचे वाद्य आहे, तर दावुलाच्या एका तोंडावर जाड काठीचा आणि दुसऱ्यावर बारीक काठीचा आघात होतो. ड्रमसेट किंवा तबला घ्यायचा असेल, तर जाड काठीची जागा दावुललाच सोडावी आणि भर फक्त बारीक काठीच्या आघातांवर घालावी. ध्वनिमुद्रणाच्या आधी त्या समाजातील नाचणाऱ्या चार माणसांना बोलावून ठेका ऐकवावा. त्यांची पावले अडखळली, तर ठेकाच बदलावा.