पोटाचा घेर आणि छातीतली जळजळ: इंदूरच्या खाण्यात नेमकं काय बदलायचं

घशाशी आंबट येणं आणि पोट सुटणं ही दोन वेगळी दुखणी समजून आपण एकावर गोळी घेतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली उतरला की ती मिटते. पोटावर चरबी साठली की जठरावर दाब पडतो, झडप नीट मिटत नाही आणि आम्ल वर चढतं. गोळी आम्ल कमी करते, दाब नाही. वजन पाच ते दहा टक्के उतरलं, म्हणजे ८० किलोच्या माणसाचं चार ते आठ किलो, की बऱ्याच जणांची जळजळ जाणवण्याइतकी कमी होते.

पण आधी एक खातरजमा करा. घास अडकत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त असेल किंवा काही न करता वजन घटत असेल, तर घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ती ‘ॲसिडिटी’ समजून थांबू नका, लगेच इस्पितळ गाठा.

घेर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप धरा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा. आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुरेसं आहे. फार झपाट्याने उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

आता सकाळच्या पोह्यांकडे या. ते सोडायची गरज नाही. इंदुरी पोहे वाफेवरचे, त्यांत तेल बेताचंच असतं. भार असतो तो वरच्या शेवेचा आणि शेजारच्या जिलबीचा. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम शेवेत दीडशेच्या वर कॅलरी असतात, आणि तळलेलं जठरात जास्त वेळ रेंगाळतं. घरी दोन माणसांच्या पोह्यांना दोन चहाचे चमचे तेल घ्या. अर्धी वाटी मटार आणि मूठभर मोड आलेले मूग त्यात वाफवा. वर डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, चिमूटभर जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) आणि चवीपुरती एक चमचा शेव. कच्च्या कांद्याने अनेकांना त्रास होतो. आठवडाभर वगळून बघा. पोट कमी व्हावं म्हणून रिकाम्यापोटी घेतलेलं लिंबूपाणी किंवा व्हिनेगर जळजळीच्या माणसाला उलट सोसत नाही.

सगळ्यात मोठा फरक रात्रीच्या जेवणाच्या वेळेने पडतो. जेवण आणि आडवं होणं यांत तीन तास हवेत: साडेसातला जेवलात तर साडेदहाला झोप. दुकान नऊ-साडेनऊला वाढवून घरी येणाऱ्यांना हे जमत नाही, हे खरंच आहे. त्यांनी सातला दुकानातच डबा उघडावा: दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण. घरी आल्यावर फक्त मुगाचं कढण. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचं असेल तर ते जेवणानंतर नाही, जेवणाऐवजी. लवकर जा, भुट्ट्याचा कीस घ्या, गराडू (तळलेला कंद) चौघांत एक प्लेट. मग घरी येऊन लगेच अंथरुणावर पडू नका.

उपवासाचं म्हणाल तर ‘एकादशी, दुप्पट खाशी’ इथेच नडते. दिवसभर रिकामं पोट, मग एकदम ताटभर साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप. जठर ताणलं की झडप उघडते. वाटीभर भगर आणि दही, दोन वेळा विभागून, जास्त बरं.

झोपताना उशांची चळत लावू नका, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडचे दोन्ही पाय १५ ते २० सेंटिमीटर उचला. सुताराकडून मधे खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्या, म्हणजे पाय घसरत नाही. पेटीच्या दिवाणाला पायच नसतात. तिथे गादीवर कमरेपासून डोक्यापर्यंत चढणारी फोमची उतरती उशी घाला. डाव्या कुशीवर झोपा.

चालणं सकाळी अर्धा तास, झपाझप. रात्री फक्त सावकाश शतपावली. भरल्या पोटी सूर्यनमस्कार किंवा पोटाचे व्यायाम नकोत, आणि सलवार-पायजम्याची नाडी सैल ठेवा.

गोळीबद्दल एक चूक घरोघरी दिसते. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जळजळ झाल्यावर, जेवणानंतर घेतली जाते. ही गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, कारण आम्ल तयार करणारे पंप जेवताना कामाला लागतात आणि त्याच वेळी औषध रक्तात हवं. बरं वाटलं म्हणून अनेक महिन्यांची गोळी एकदम बंद केली तर आम्ल काही आठवडे उसळतं, आणि लोकांना वाटतं दुखणं परत आलं. मात्रा डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने उतरवा. वर्षानुवर्षं घेत असाल तर ‘बी १२’ जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा: त्याने जठर हळू रिकामं होतं, आणि सुरुवातीचे काही आठवडे आंबट ढेकर वाढू शकतात.