सेल्फ-ड्रायव्हिंग कंपनीचा सीईओ बदलला, तर आधी काय तपासायचं

बेळगावात ड्रायव्हर नसलेली गाडी धावताना आपल्या हयातीत दिसेल, असं मला काही वाटत नाही. संध्याकाळी खडेबाजारात पाच मिनिटं उभं राहून बघा, का ते कळेल. नितीन गडकरींनीही २०१७ मध्येच सांगून टाकलं होतं, की ड्रायव्हरांचा रोजगार जाईल असली गाडी इथे येऊ देणार नाही. तरीही या कंपन्यांत कोण आलं, कोण गेलं याची चौकशी माझ्याकडे होत असते. उद्यमबागेत माझं मशिनिंगचं शेड आहे आणि असल्या गाड्यांना लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची, म्हणजे पार्टच्या बाहेरच्या कवचाची, विचारणा अधूनमधून बंगळूरच्या ट्रेडरकडून येते. शिवाय भाचा कॅलिफोर्नियात असल्याच एका कंपनीत आहे. तिकडे काही हललं की खानापूरहून बहिणीचा फोन ठरलेला : ‘‘दादा, त्यांचा मोठा साहेब गेला म्हणे की रे! पोराचं काय व्हतंय आता?’’

तिला जे सांगतो तेच इथे लिहितो. खुर्चीवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. त्याआधी परवाना हातात आहे का, पैसा कुणाच्या खिशातून येतो आणि साहेबाबरोबर आणखी कोण उठलं, एवढं तपासायचं.

मागचे तीन महिने चाळा

क्रूझ ही जनरल मोटर्सची, ड्रायव्हरशिवाय टॅक्सी (रोबोटॅक्सी) चालवणारी कंपनी होती. तिचे संस्थापक काइल व्होग्ट यांनी १९ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, सीईओपद सोडलं. एवढंच वाचलं तर माणूस कंटाळून गेला असेल असं वाटतं. पण कॅलेंडर मागे उलटा. १० ऑगस्टला कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक सेवा आयोगाने क्रूझला सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास भाडं घेऊन गाड्या चालवायला मोकळीक दिली होती. २ ऑक्टोबरला रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला दुसऱ्याच गाडीने उडवलं. ती गाडी माणूसच चालवत होता. बाई क्रूझच्या गाडीपुढे येऊन पडली. गाडी धडकून थांबली, आणि मग ‘बाजूला घेऊन उभं राहायचं’ या नियमाने परत हलली, तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन. २४ ऑक्टोबरला तिथल्या वाहन खात्याने, म्हणजे डीएमव्हीने, परवाने निलंबित केले. कंपनीने माहिती नीट दिली नाही, असाही ठपका ठेवला.

म्हणजे साहेब गेला तेव्हा मूळ गोष्ट होऊन महिना उलटला होता. त्याच्या जागी लगेच सीईओ नेमलाच नाही. दोन सह-अध्यक्ष बसवले : इंजिनिअरिंगचे मो एल्शेनावी आणि जनरल मोटर्सचं कायद्याचं काम बघणारे क्रेग ग्लिडन. वकील वर बसला की गाडी इतक्यात रस्त्यावर येत नाही, हे माझं मत. डिसेंबरात नऊ वरिष्ठांना काढलं आणि सुमारे ९०० जणांना, म्हणजे जवळपास २४ टक्के लोकांना, नारळ दिला. आमच्या बहिणीने १९ नोव्हेंबरची बातमी वाचून काळजी केली असती, पण काळजीची खरी तारीख होती २४ ऑक्टोबर.

परवाना तपासणं अवघड नाही. कॅलिफोर्निया डीएमव्ही परवानाधारक कंपन्यांची यादी उघडपणे ठेवते. त्यात तीन पायऱ्या असतात : माणूस बसवून चाचणी, माणसाशिवाय चाचणी आणि लोकांसाठी प्रत्यक्ष सेवा. कंपनी कितव्या पायरीवर आहे आणि साहेब बदलायच्या सुमारास खाली घसरली का, ते बघा. पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना मात्र वेगळा, तो आयोगाकडून मिळतो. या दोन्हींची गल्लत करू नका, बातम्यांत ती सर्रास होते.

साहेब तोच, कंपनी गेली

आर्गो एआय या सेल्फ-ड्रायव्हिंग कंपनीचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण तिथे खुर्ची हललीच नाही. ब्रायन सेलेस्की २०१६ पासून शेवटपर्यंत सीईओ होते. पैसा फोर्ड आणि फोक्सवॅगनचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये दोघांनी हात आखडता घेतला आणि कंपनी बंद. फोर्डने त्यापायी २.७ अब्ज डॉलर बुडीत म्हणून खात्यातून काढले. औताला बैल कुठला जुंपलाय यापेक्षा वैरण कोण घालतो ते विचारायचं, ते यासाठी. क्रूझमध्येही पुढे हेच झालं. २०२४ च्या जूनमध्ये मार्क व्हिटन यांना सीईओ म्हणून जाहीर केलं, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि डिसेंबरात जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीला पैसा देणंच थांबवलं. तोवर १० अब्ज डॉलरांहून जास्त ओतून झाले होते.

आता याच्या उलट वेमो, गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिची रोबोटॅक्सी कंपनी. एप्रिल २०२१ मध्ये जॉन क्राफसिक पाच वर्षांहून जास्त काळ सांभाळलेल्या पदावरून गेले. आगेमागे अर्थ विभागाचे प्रमुख गेले, सुरक्षेच्या प्रमुख गेल्या, मोटार कंपन्यांशी भागीदारी बघणारे गेले. जागेवर एक सोडून दोन सीईओ : टेकेड्रा मवाकाना आणि दिमित्री डोल्गोव्ह. एका म्यानात दोन तलवारी, आता हे बुडणार, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. पण नीट बघितलं तर डोल्गोव्ह हे २००९ ला गूगलने हा प्रकल्प सुरू केला तेव्हापासूनचे, म्हणजे गाडीचं डोकं ज्यांनी घडवलं त्यांच्यातले. मवाकाना कामकाज बघत होत्याच. दोघांची नावं त्याच दिवशी जाहीर झाली, क्राफसिक सल्लागार म्हणून राहिले, परवान्यांना धक्का नव्हता, मागे अल्फाबेट उभी. जूनमध्ये २.५ अब्ज डॉलर आले, ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी ५.६ अब्ज.

म्हणून दुसऱ्या फळीतले किती गेले याची नुसती बेरीज करू नका. हिशेबवाला गेला तर दुसरा मिळतो. कॅमेरा आणि लायडारवरून (लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्रावरून) रस्ता ओळखणाऱ्या टीमचा प्रमुख, गाडीचं वागणं ठरवणारा, चाचण्या बघणारा, हे लागोपाठ उठले तर मात्र भाच्याला मी दुसरीकडे अर्ज करायला सांगेन. हे पेपरात येत नाही. लिंक्डइनवर दिसतं, आणि कंपनीतल्या पोरांना आधीच माहीत असतं. आईने विचारलं तर सांगत नाहीत, मामाने विचारलं तर सांगतात.

खुर्ची वर्षभरात दोनदा फिरली तर फार विचार करत बसू नका. स्वयंचलित ट्रकवाल्या टूसिंपलमध्ये मार्च २०२२ ला चेंग लू जाऊन शाओदी हौ आले, ऑक्टोबरअखेर हौ यांना काढलं, नोव्हेंबरात लू परत. २०२४ च्या सुरुवातीला कंपनीने नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारावरून शेअरच काढून घेतला.

कागद कुठे मिळतो

शेअर बाजारात नोंदलेल्या अमेरिकन कंपनीला मोठा अधिकारी गेल्यावर कामकाजाच्या चार दिवसांत ‘फॉर्म ८-के’ भरावा लागतो. तो एडगर नावाच्या सरकारी साइटवर फुकट मिळतो. त्यात कलम ५.०२ शोधा. पदाची शेवटची तारीख, पुढे सल्लागार राहणार का, जागी कोण, असं सगळं तिथे रुक्ष भाषेत असतं. वेमोसारख्या उपकंपनीचा असा वेगळा कागद नसतो, तिथे मूळ मालकाच्या निवेदनावर भागवायचं.

कागद मिळाला तरी त्याच महिन्यातलं बाकीचं वाचा. ऑरोरा या कंपनीने २०२५ च्या एप्रिलअखेर डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ड्रायव्हरशिवाय ट्रक सुरू केले. मे महिन्यात सहसंस्थापक स्टर्लिंग अँडरसन जनरल मोटर्सकडे जाणार हे कळलं आणि गलका झाला. त्याच महिन्यात ट्रक बनवणाऱ्या पॅकारच्या विनंतीवरून ड्रायव्हरच्या सीटवर परत माणूस बसवला. मला विचाराल तर धंद्याच्या दृष्टीने ही दुसरी बातमी मोठी होती. ट्रक ज्याचा, त्याला काय वाटतं ते आधी. सीईओ ख्रिस अर्मसन जागेवरच होते.

पोरगं तिकडे असेल तर

घाबरवू नका, पण चार गोष्टी विचारा. नोकरी एच-१बी व्हिसावर असेल तर काम सुटल्यावर दुसरं शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांचा खर्च बाजूला आहे का? शेअर मिळणार असतील तर पहिलं वर्ष पुरं झालंय का? बऱ्याच ठिकाणी त्याआधी हातात काहीच पडत नाही. जॉइनिंग बोनस लवकर सोडल्यास परत द्यावा लागतो का? ऑफर नुकतीच आली असेल, तर आपल्या मॅनेजरचा वरचा साहेब कोण आणि तो कधीपासून आहे, हे मुलाखतीतच विचारायला लाजू नये. शिवाय कॅलिफोर्नियात मोठी कपात करताना वॉर्न नोटीस, म्हणजे कपातीची आगाऊ सूचना, द्यावी लागते आणि तिथलं रोजगार खातं ती यादी प्रसिद्ध करतं. आठवड्यातून एकदा चाळायला मिनिटही लागत नाही.

माल करणाऱ्यांसाठी

नवा साहेब आला की सगळ्यात आधी जुन्याचं लाडकं मॉडेल मोडीत निघतं. क्रूझची ‘ओरिजिन’ नावाची स्टिअरिंग नसलेली गाडी होती. व्हिटन रुजू झाले त्याच जुलैत, २०२४ ला, जनरल मोटर्सने तिचं काम बेमुदत थांबवलं. तिच्यासाठी पॅटर्न आणि डाय, म्हणजे साचे, करून बसलेल्यांचं काय झालं असेल, हे उद्यमबागेत कुणाला समजावून सांगायला नको. एका बड्या गिऱ्हाइकाचा पर्चेस मॅनेजर बदलला तेव्हा माझ्याकडे तयार मालाचे क्रेट पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून होते, आणि ते तर साध्या ट्रॅक्टरचे पार्ट होते.

तेव्हा असली विचारणा आली तर डायचे पैसे आगाऊ घ्या, आणि डाय कुणाच्या मालकीची ते पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) लिहून घ्या. शेड्यूल रद्द झालं तर मशीनवर चढलेल्या मालाचं बिल धरणार, हेही त्याच पीओवर हवं. ट्रेडर ‘होतंय की ओ, साहेब बदललाय तेवढा’ म्हणाला, तर नव्या साहेबाच्या सहीचं शेड्यूल मागा. ते येईपर्यंत मशीन पंपाच्या कास्टिंगला लावा, त्याचे पैसे याच महिन्यात येतात.