देवघरातली जुनी मूर्ती युरोपात नेताना

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये घर मांडताना पणजीच्या देव्हाऱ्यातली पितळी अन्नपूर्णा, चांदीचे टाक सोबत न्यावेसे वाटतातच. बॅग भरण्याआधी एवढं बघा.

युरोपीय महासंघाचा 2019 चा 880 क्रमांकाचा नियम आता पूर्ण लागू आहे. बाहेरून येणारी पूजेची मूर्ती 250 वर्षांहून जुनी असेल, तर किंमत कितीही असो, 28 जून 2025 पासून आयात परवाना लागतो आणि तो माल पोहोचण्याआधी ऑनलाइन काढावा लागतो. मूळ देशातून बेकायदा बाहेर नेलेली वस्तू तर 2020 च्या अखेरीपासूनच आत नेता येत नाही. मला हा नियम मनापासून पटतो. आपल्या कितीतरी देवळांतल्या मूर्ती अशाच वाटेने गेल्या आहेत.

खरी मेख मात्र इथेच आहे. भारताच्या 1972 च्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला परदेशी नेताच येत नाही. त्यामुळे पणजीच्या सासूने पूजलेली अन्नपूर्णा घरातच, भावाकडे किंवा काकूकडे राहू द्या.

मूर्ती नव्यातली, पण झिजून जुनाट दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. त्यासाठी मूर्तीचे स्वच्छ फोटो काढा, पुढून, मागून आणि बैठकीखालून. दाखला हँडबॅगेत ठेवा, मूर्तीबरोबर गुंडाळू नका.