तरगूल: सहा तास न ढवळता

लग्नानंतर मी फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत काँ शहरात राहायला आले. तरगूल, म्हणजे ओव्हनमध्ये होणारी इथली दालचिनीची तांदळाची खीर, शिकवताना शेजारच्या आजींनी आधी भांडं दाखवलं, साहित्य नंतर. खोल, जाड, आतून चकाकी दिलेलं मातीचं भांडं. धातूचं नको, त्यात कडा लवकर करपतात.

२ लिटर सायीचं दूध, १५० ग्रॅम आखूड गोल तांदूळ, १८० ग्रॅम साखर, दोन छोटे चमचे दालचिनीपूड, चिमूटभर मीठ. एवढ्या दुधाला इतकासाच तांदूळ? मला पटेना. पहिल्या खेपेला मी २५० ग्रॅम घातला आणि सुरीने कापावा असा गोळा निघाला.

तांदूळ धुवायचा नाही. आपला हात सवयीने नळाकडे जातो, तो आवरा; वरच्या पिठानेच दूध दाटतं. कोरडं सगळं भांड्यातच कालवा, वरून गार दूध हलकेच ओता, की दालचिनी वर तरंगते. झाकण न ठेवता ओव्हनमध्ये १५० अंशांवर एक तास, मग ११० अंशांवर पाच तास. मध्ये चमचा घालायचा नाही. वर साय धरते, तीच दालचिनीसकट भाजून काळपट तपकिरी साल होते. ती मोडली की तरगूलची गंमत गेली. भांडं हलवल्यावर सालीखाली जरा डुचमळलं तरी बाहेर काढा, गार होताना आळतं. पूर्वी गावचा पाववाला पाव काढून झाले की निवत्या भट्टीत घरोघरची भांडी ठेवून घेई; ही मंद आच तिथली. १७५७च्या टंचाईत इथल्या राजप्रतिनिधीने, फोंतेतने, लोकांना तांदूळ वाटला, तेव्हापासून हा पदार्थ रुजला असं सांगतात.

कोमट किंवा गार, सोबत फालू नावाचा गोडसर पाव.

आठ वाट्या केल्या तर माझ्या हिशेबाने वाटीला सुमारे ३१५ कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिनं, ९ ग्रॅम स्निग्धांश आणि जवळजवळ ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रथिनं आणि कॅल्शियम मुख्यतः दुधाचं. तंतू नावालाच. वरून घातलेली साखर २२ ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एका वाटीत जवळपास निम्मी संपली. म्हणून घरच्यासाठी मी १२० ग्रॅमच घालते. दूध आटून स्वतःची गोडी देतं, त्यामुळे कमी वाटत नाही. साय काढलेलं दूध मात्र घेऊ नका, साल धरत नाही.